सामूहिकता म्हणजे नक्की काय? जरा पाण्याच्या हिशेबातून बघू

बांधबंदिस्ती
'आपण सामूहिक, पाश्चात्त्य व्यक्तिवादी' हे वाक्य घासून घासून इतकं गुळगुळीत झालंय की हाती काही लागत नाही. एकत्र कुटुंब आणि गणपतीची वर्गणी यालाच सामूहिकता म्हणायचं असेल तर धागा इथेच मिटवू. माझ्या मते टंचाईची वस्तू कुणाला किती, हे मालकी न बघता ठरतं तिथे ती सुरू होते.

पुरंदर तालुक्यातलं नायगाव घ्या. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीमागे नाही, माणशी. डोई अर्ध्या एकरापुरतं, पाच जणांच्या घराला अडीच एकरापुरतं, बस. वीस एकरवाल्यालाही तेवढंच, आणि भूमिहीनालाही हक्क. योजनेच्या खर्चाचा २० टक्के वाटा लाभधारकांचा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जात नाही, हक्क संस्थेकडे परत येतो. हा शेवटचा नियम काढला तर बाकीचे टिकणार नाहीत, कारण पाण्यासकट जमीन विकत घेणारा कुणीतरी निघतोच.

उलटतपासणी
असहमत. सोयीचं उदाहरण निवडून व्याख्या केलीत. गावकी हीसुद्धा सामूहिकताच. वाळीत टाकलेल्या घराला दुकानदार किराणा देत नाही, लग्नाला कुणी फिरकत नाही, आणि त्यांच्याशी बोलेल त्यालाही दंड. हे इतकं चालायचं की महाराष्ट्राला २०१६मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला: ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत गावाला घटक मानायला नकार देऊन व्यक्तीला घटक मानलं, ते उगाच नाही.

कोरडवाहू
बाबासाहेब अर्धेच सांगितलेत. त्यांनीच १९४७च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन सरकारच्या मालकीची करून सामूहिक शेती सुचवली होती, तीही जात-धर्म न बघता वाटप करून. त्यांचा विरोध जातीवर उभ्या गावकीला होता. एकत्र कसण्याला नव्हता.

नायगावच्या कितीतरी आधीची गोष्ट म्हणजे धुळे-नाशिककडची फड पद्धत. पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेली. एका फडात एका हंगामाला एकच पीक, पुढच्या वर्षी पालट. शेतकऱ्याची पट्टी शक्यतो प्रत्येक फडात, म्हणजे पाणी कमी पडून एखादा फड पडीक ठेवला तर झळ सगळ्यांना सारखी. पाणी सोडणार पाटकरी, शेतकऱ्याने दारं धरायला जायचं नाही. राखणीला जागल्या. पाट उपसायला मात्र सगळ्यांनी यायचं.

मोडली कशी? वर धरणं झाली, खाली विहिरी. विहीरवाल्याला पाटकऱ्याची पाळी नकोशी झाली. त्याने ज्वारीच्या फडात मधेच ऊस घातला की शेजारची पट्टी ओलीने चिबडते, फडाचं वेळापत्रक कोलमडतं. मग दुसराही विहीर खणतो. पाट उपसायला कोण येणार?

उलटतपासणी
म्हणजे बाहेर पडायची सोय झाली आणि लोक बाहेर पडले. हाच माझा मुद्दा!

मोळीवाला
इथे सहकारी साखर कारखान्यांचं नाव कसं नाही निघालं? १९५०मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरानगरला कारखाना उभा केला, सोबत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. शेअर कितीही असोत, मत एकच. कागदावर याहून सामूहिक काय असणार? पण ऊस तोडून २४ तास गेले की वजन आणि साखरेचा उतारा घटायला लागतो, त्यामुळे तोडीचा क्रम ज्याच्या हातात त्याच्या हातात सभासदाची मान. मतपेटी गुप्त, तोडीची यादी उघड. एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) १४ दिवसांत द्यायची, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असा नियम आहे. संचालकांच्या विरोधात उभं राहून ते व्याज मागणारा सभासद शोधून दाखवा.

बांधबंदिस्ती
मोळीवाला, मान्य. म्हणूनच नायगावचा नियम मला वरचढ वाटतो. अर्धा एकर कुणाच्या मर्जीवर नाही, डोकी मोजली की झालं.

उलटतपासणी
डोकी मोजणार कोण, आणि नाव कुणाचं लागणार? अडीच एकर कुटुंबप्रमुखाच्या नावावर चढले तर घरातल्या चौघांचा हक्क त्याच्या खिशात गेला. माझी अट एवढीच: यादीत प्रत्येक माणसाचं नाव वेगळं, बायकांचंसुद्धा. वेगळं राहायचं ठरवणाऱ्याला त्याचं अर्धं एकर सोबत नेता यावं.

बांधबंदिस्ती
नाव वेगळं, शंभर टक्के मान्य. नेता यावं, पण त्याच योजनेखालच्या दुसऱ्या शेतावर. विकता येणार नाही.