खाऱ्या पाण्याची टाकी: वाळू घालू की शेवाळ लावू?

मांडवीकर: मंडळी, मी बडोद्याचा. गोड्या पाण्यातले मासे बरीच वर्षं पाळतोय, आता तीन फुटी टाकी (साधारण १९० लिटर) खाऱ्या पाण्याची करायची आहे. कॅनिस्टर (टाकीबाहेरचा डबा-फिल्टर) नको, शक्य तितकं निसर्गावर सोडायचंय. वाळूचा जाड थर चांगला की सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) शेवाळ? खंभातचं आखात जवळच आहे, पाणी तिथूनच आणलं तर? एक मित्र कच्छच्या आखातातल्या ओख्याकडून दगडही आणून देतो म्हणतोय.

रीफवाले काका: दगडांना आधी नाही म्हणा. कच्छच्या आखातात १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि दगडी पोवळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं. मेलेला तुकडाही नको. सिरॅमिकचे सच्छिद्र दगड घ्या, जिवाणूंना राहायला तेवढी जागा पुरते.

खंभातचं पाणीही नको. मही, नर्मदा, साबरमती, सगळ्यांचा गाळ तिथे उतरतो आणि भरती-ओहोटी तो बसूच देत नाही. आरओच्या पाण्यात रीफचं (पोवळ्यांच्या टाकीचं) मीठ कालवा, घनता १.०२५ ठेवा.

आता वाळू. मोनॅकोत झां झोबेर या शास्त्रज्ञांनी वाळूच्या थरावर टाक्या चालवून दाखवल्या. वरच्या थरात प्राणवायू असतो, तिथे माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट होतं. खाली प्राणवायू संपतो, तिथले जिवाणू नायट्रेट फोडून नायट्रोजन सोडतात. काचेलगत वाळूत बारीक बुडबुडे अडकलेले दिसतात, ते बहुधा हेच. पण १०-१२ सेंटिमीटरचा थर जिवंत राहतो तो वाळू उकरणाऱ्या किड्यांमुळे, आणि ते येतात समुद्रातल्या ताज्या दगडांबरोबर. आपल्याकडे ते येणार कुठून? त्यांच्याशिवाय वाळू घट्ट बसते, काळी पडते, उकरली की सडक्या अंड्याचा वास येतो. म्हणून टाकीत वाळू दोन-तीन सेंटिमीटरच घाला आणि भर कीटो शेवाळावर ठेवा.

कीटो म्हणजे भांडी घासायच्या तारेसारखा हिरवा गुंता. नायट्रेट, फॉस्फेट खाऊन वाढतो, आणि मूठभर काढून टाकला की तेवढी घाण टाकीबाहेर गेली. त्याचा दिवा रात्री लावा, टाकीचा बंद झाल्यावर. रात्री सगळे श्वास घेतात, प्रकाशसंश्लेषण बंद असतं, पीएच घसरतो. शेवाळ तेव्हा कामाला असलं तर घसरण कमी होते. आपल्या उन्हाळ्यात तर हे फारच गरजेचं, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. रात्री टॉर्च मारून बघा, गुंत्यात टाचणीच्या टोकाएवढे कोपेपॉड (कोळंबीच्या जातीचे बारीक जीव) टुणटुण उड्या मारत असतात. मला तो गुंता टाकीपेक्षा जास्त आवडतो!

स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) मात्र ठेवाच. दगड आणि स्किमर, बर्लिन पद्धत म्हणतात ती हीच.

अलकापुरी_रीफ: काकांशी सहमत. एक भर: मे महिन्यात पाण्यावर पंखा लावाल तर पातळी भराभर उतरेल. भरताना साधं आरओचंच पाणी घाला. मीठ उडत नाही, पाणीच उडतं. खारं पाणी ओतत राहिलात तर घनता चढत जाईल. लाइट गेल्यावर चालेल असा बॅटरीचा एअर पंपही घेऊन ठेवा.

मांडवीकर: काका, आभार. मित्राला नको म्हणून कळवलं. मासे कधी सोडू?

रीफवाले काका: दगड घातल्यावर थोडा अमोनिया घाला आणि टेस्ट किटवर बघत राहा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथेच टिकले की एक क्लाउनफिश, एकच. दुसरा नायट्रेट बघून.