रात्री मधेच जाग येते, मग झोप लागत नाही: नेमकं काय केल्याने फरक पडतो?

काजवा

आवराआवरीत झोपेच्या नोंदींची एक जुनी वही हाती लागली आणि हा विषय पुन्हा डोक्यात आला. रोज एक ओळ, बस. त्यातली एक जशीच्या तशी:

"पडलो १०.१५. झोप लागली १२.४० च्या सुमारास. जाग ३.१०. पुन्हा डोळा लागला ४.१५. उठलो ७.००."

हिशेब करून बघा. अंथरुणात पावणेनऊ तास, म्हणजे ५२५ मिनिटं. प्रत्यक्ष झोप सव्वापाच तास, ३१५ मिनिटं. ३१५ भागिले ५२५ म्हणजे ६० टक्के. उरलेले साडेतीन तास नुसती कूस बदलण्यात. औषधाशिवाय निद्रानाश हाताळण्याची जी सीबीटी-आय पद्धत आहे, तिचं बरंचसं काम या एका टक्केवारीवर चालतं.

ज्यांना यातलं नेमकं माहीत आहे त्यांनी लिहा. काय करायचं, किती वेळ, किती दिवस, कुठे चुकतं. "मन शांत ठेवा" हे सगळेच सांगतात, ते कसं ठेवायचं ते हवंय.

दिवेलागण

काजवा, वहीपासून सुरुवात केलीत हे फार बरं झालं. पुढची पायरी लिहिते.

अशा नोंदी निदान एक आठवडा, जमल्यास दोन. सकाळी उठल्यावर अंदाजाने लिहायच्या, रात्री घड्याळ बघत बसायचं नाही. मग प्रत्यक्ष झोपेची सरासरी काढायची. समजा साडेपाच तास आली, तर अंथरुणात फक्त साडेपाच तास. आधी उठायची वेळ पक्की करायची, धरा सकाळी ६, आणि तिथून मागे मोजायचं: रात्री साडेबारा. त्याआधी पाठ टेकायची नाही, डोळे मिटत असले तरी. सुट्टीच्या दिवशीही उठणं सहालाच. सरासरी चार तास आली तरी पाच तासांच्या खाली उतरायचं नाही.

दर आठवड्याला टक्केवारी काढायची. ८५ किंवा जास्त आली की झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे. ८० ते ८५ असेल तर आहे तसंच. त्याहून कमी असेल तर १५ मिनिटं आणखी कमी.

पहिले आठ-दहा दिवस जड जातात. दिवसभर पेंग, चिडचिड. बहुतेक जण इथेच सोडतात, आणि खरं म्हणजे तीच पेंग कामाची असते. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते जितकं साठेल तितकी झोपेची ओढ जास्त. दुपारी तास-दीड तास झोपून, सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात राहून आपण ते साठायला वेळच देत नाही.

फिट येणाऱ्यांनी, बायपोलर आजार असलेल्यांनी, झोपेत चालणाऱ्यांनी आणि ज्यांचं काम गाडी किंवा यंत्र चालवण्याचं आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. झोप तोडल्याने फिट येऊ शकते, मेनिया (अतिउत्तेजनाची अवस्था) उसळू शकतो. कळकळीने सांगतेय.

मोरपीस

फोनवरून, घाईत. घड्याळाचं तोंड भिंतीकडे करा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. तीन वाजलेत हे कळलं की डोकं वजाबाकी करायला लागतं, "आता तीनच तास उरले", आणि त्या वजाबाकीनेच उरलीसुरली झोप उडते. गजरासाठी साधं घड्याळ घ्या, हात पोचणार नाही इतकं लांब.

पायवाट

दिवेलागण यांनी लिहिलेल्याची दुसरी बाजू म्हणजे अंथरुणातून उठणं.

वीसेक मिनिटं झोप लागत नाहीये असं *वाटलं* की उठायचं. मोजायचं नाही, वाटणं पुरे. दुसऱ्या खोलीत, मंद पिवळ्या उजेडात, बसून काहीतरी संथ: आधी वाचलेलं पुस्तक, कपड्यांच्या घड्या, विणकाम. पापण्या जड झाल्या की परत. पुन्हा झोप नाही आली तर पुन्हा उठायचं. एका रात्रीत चार-पाच फेऱ्या झाल्या तरी चालतील, पहिल्या आठवड्यात होतातच.

चुकतं कुठे? बाहेर जाऊन सोफ्यावर आडवं होण्यात. झोप मग सोफ्यावर लागते आणि शरीर शिकतं की पलंग जागायला, सोफा झोपायला. खुर्ची घ्या, पाठ सरळ ठेवणारी. थंडी असेल तर शाल आणि पुस्तक संध्याकाळीच खुर्चीवर काढून ठेवा, नाहीतर ऐनवेळी उबेतून बाहेर यायला जीव होत नाही.

हे नियम रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडले. तास कमी करण्याची पद्धत आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांची, १९८७ ची. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये मोठ्या माणसांच्या जुनाट निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी सीबीटी-आय हीच उपचारपद्धत सुचवली.

खारुताई

कपडे वाळत घालता घालता वाचतेय. तान्हं बाळ असलेल्या घरात यातलं काय चालतं?

दिवेलागण

खारुताई, तास कमी करण्याचं अजिबात नाही हं. आधीच तुटकी झोप, ती आणखी काय तोडायची! झोपेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात गाढ झोप सगळ्यात जास्त असते. म्हणून घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने रात्रीची पहिली पाळी पूर्ण घ्यावी आणि तुम्हाला सलग चार तास मिळावेत, एवढं आधी जमवा. रात्रीचा दिवा जमिनीलगत, पिवळसर आणि अगदी मंद.

आणि एक. बाळ शांत झोपलंय, वेळही आहे, तरी तुमचा डोळा लागत नाही, असं बरेच दिवस चाललं किंवा मन सतत खाली खाली जात असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगा. बाळंतपणानंतरच्या नैराश्यात असं होतं आणि त्यावर उपचार आहेत. काळजी घ्या.

तळटीप

उजेडाचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

डोळ्याच्या पडद्यात अशा काही पेशी असतात की त्यांचं मुख्य काम बघणं नाही, शरीराच्या घड्याळाला दिवस कळवणं. त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. घरात दिव्याखाली साधारण १०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळतात, बाहेर ढगाळ हवेतही हजार ते दहा हजार. म्हणून उठल्यापासून तासाभरात २० ते ३० मिनिटं *बाहेर*. खिडकीत बसून भागत नाही, दोन-तीन मीटर आत आलं की उजेड झपाट्याने घटतो. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही, नुसतं उघड्यावर असायचं.

पण एक फार मोठी चूक होते. ज्यांना रात्री आठलाच पेंग येते आणि तीनला टक्क जाग येते, वयस्कर मंडळींत हे खूप दिसतं, त्यांनी भल्या पहाटे फिरायला जाऊ नये. त्याने घड्याळ आणखी पुढे पळतं. त्यांनी उजेड संध्याकाळी घ्यावा: दिवस मावळेपर्यंत बाहेर, घरात आल्यावर दिवे लख्ख, आणि पहाटे जाग आली तर अंधारातच राहायचं. एकच सल्ला दोघांना उलटा लागू पडतो.

जाता जाता: झोपेचे संशोधक नॅथॅनिएल क्लाइटमन १९३८ साली एका विद्यार्थ्याला घेऊन केंटकीच्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले, २८ तासांचा दिवस पाळून. विद्यार्थ्याला जमलं. क्लाइटमन यांचं शरीर मात्र २४ तासांवरच अडून राहिलं. माणसामाणसात फरक असतो तो असा. या घड्याळामागची जनुकं उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं.

मोरपीस

गुहेचं भारी आहे! ३२ दिवस! पण माझा प्रश्न वेगळाच. पाय गार पडले की झोप येत नाही, त्याचं काय?

तळटीप

त्याला कारण आहे. झोप लागायला शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि ती उष्णता बाहेर जाते हातापायांच्या कातडीतून. पाय गार म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या, वाट बंद. सैल सुती मोजे घाला, किंवा झोपण्याच्या एक ते दोन तास आधी ४० ते ४२ अंश सेल्सिअस पाण्याने दहा मिनिटं अंघोळ. अंगावर ऊब घेतली की रक्त कातडीकडे येतं आणि नंतर आतली उष्णता भराभर निघून जाते. अगदी झोपायच्या तोंडावर केलीत तर उलटं होतं, अंग तापलेलंच राहतं. घट्ट मोजे नकोत. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल तर गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊ नका, भाजलेलं कळत नाही.

तिठा

रात्रीची जाग छातीतल्या जळजळीने येत असेल तर वरचं काहीही करून उपयोग नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे ठेवून १५ ते २० सेंटीमीटर उंची द्या. दोन-तीन उशा रचल्याने फक्त मान आणि पोट दुमडतं, पोटावर दाब येऊन आंबट पाणी आणखी वर येतं. झोपायचं डाव्या कुशीवर. जेवण आणि झोप यांत तीन तास.

मोरपीस

मग उशी किती उंच हवी?

तिठा

कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याचं टोक ते कान एवढी, आणि ती दबल्यानंतरची उंची धरायची. पाठीवर झोपणाऱ्याला बरीच कमी. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्येही एक पातळ उशी घ्या, कमरेचा पीळ जातो.

उंबरा

जोरात घोरणं, मधेच श्वास थांबून गुदमरल्यासारखं दचकणं, सकाळी डोकं जड, दिवसा बसल्या जागी डोळा लागणं: यातली दोन लक्षणं जरी असली तरी वही बाजूला ठेवा आणि झोपेची तपासणी करून घ्या. हा स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास अडण्याचे वा मंदावण्याचे प्रकार तासाला पाच वा जास्त झाले की तो धरतात. अशा माणसाला "कमी तास झोपा" सांगणं धोक्याचं. झोपलेल्याला हे कळत नाही, शेजारच्याला कळतं. तेव्हा शेजारच्यांनो, दोन मिनिटांचा आवाज फोनवर टिपून डॉक्टरांना ऐकवा.

तसंच पायात मुंग्या, सळसळ, हलवल्याशिवाय चैन नाही, असं रोज रात्री होत असेल तर रक्तातलं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा यावरून कळतो) तपासायला सांगा. हिमोग्लोबिन ठीक असूनही ते कमी असू शकतं. अशा पायांसाठी ७५ च्या खालचं फेरिटिनही कमी धरतात, रिपोर्टवर "नॉर्मल" छापलेलं असलं तरी. लोहाच्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका.

दिवेलागण

उंबरा, हे लिहिलंत ते फार गरजेचं होतं.

पायवाट

कॅफीनचं गणित राहिलं. ते निम्मं उतरायला साधारण पाच-सहा तास लागतात. दुपारी ४ ला २०० मिलिग्रॅम गेलं तर रात्री १० ला शंभरच्या आसपास अंगात आहेच. ते अ‍ॅडिनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणजे पेंग साठलेली असते पण जाणवत नाही. गरोदरपणात उतरायला याहून बराच जास्त वेळ लागतो. दारूने झोप पटकन लागते खरी, पण उत्तररात्री ती उतरली की जाग येते. तीनला जाग येण्याचं हे एक कारण लोक मोजतच नाहीत.

डुलकी घ्यायचीच तर २० मिनिटं, दुपारी तीनच्या आत, गजर लावून.

सांजवारा

काजवा यांनी मन शांत कसं ठेवायचं विचारलंय, त्याचं उत्तर हातापायांतून जातं. एडमंड जेकबसन यांची स्नायू सैल करण्याची रीत करा. पाठीवर पडा. उजवी मूठ आवळा, पूर्ण ताकदीच्या निम्म्याने, पाच सेकंद. मग एकदम सोडा आणि पंधरा-वीस सेकंद फक्त त्या हातात काय होतंय ते बघा: बोटं जड, तळवा किंचित उबदार. मग डावी. मग दंड, खांदे कानांपर्यंत, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या. पोटरीत गोळा येत असेल तर चवडा ताणायचा नाही, स्वतःकडे ओढायचा. सगळं पंधरा मिनिटांत होतं. सोडण्याचा वेळ आवळण्याच्या तिप्पट, हे लोक विसरतात आणि घाईघाईत व्यायाम केल्यासारखं करतात.

श्वासासाठी: नाकाने चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, मिनिटाला सहा. खोल नाही, हळू. मोठमोठे श्वास घेतले की ओठ बधिर होतात, चक्कर येते. तसं झालं तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्या.

दोन्ही आधी आठवडाभर *दुपारी* करा. पहिल्यांदाच रात्री तीनला करायला घेतलं की "लागतेय का झोप?" अशी परीक्षा सुरू होते.

मोरपीस

आणि उद्याच्या कामांची यादी झोपण्याआधी पाच मिनिटं कागदावर. "बँक" एवढंच नाही, तर "११ ला बँक, पासबुक घेऊन". मोघम लिहिलेलं डोक्यात घोळत राहतं.

काजवा

सगळ्यांचे आभार. गोळ्यांचं विचारायचं राहिलं.

उंबरा

रोजच्या झोपेच्या गोळ्या एकदम बंद करू नका. दोन-चार रात्री झोप आधीपेक्षाही उडते आणि माणसाला वाटतं, बघा, गोळीशिवाय जमतच नाही. तो गोळी सोडल्याचा परिणाम असतो. काही गोळ्या अचानक थांबवल्यास फिटही येऊ शकते. लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडूनच मात्रा उतरवत न्यायचा तक्ता घ्या, आणि वही त्याच सुमारास सुरू करा. सर्दीच्या गोळीने पेंग येते म्हणून ती घेणारेही आहेत. काही दिवसांत तिचा असर ओसरतो, तोंड कोरडं पडतं, म्हाताऱ्या माणसांना भ्रमही होतो.

खारुताई

बाळ उठलं. दिवेलागण, पहिल्या पाळीचं आजच घरी सांगते. बाकीचं उद्या वाचेन.

मोरपीस

तिठा, खांदा ते कान बारा सेंटीमीटर आलं. पण उशी मऊ आहे, दबून सहाच राहते?

तिठा

मग खाली पंचा चौपदरी घडी करून घाला आणि कोणाला तरी मागून बघायला सांगा. नाक आणि छातीचा मध्य एका रेषेत आले की झालं.