लॅब्रेडॉर कुत्र्याच्या (लॅबच्या) खाजेबद्दल थोडी भर
या चर्चेत वर कुणीतरी लॅबच्या खाजेवर टी ट्री ऑइल (त्वचेला लावायचं एक सुगंधी तेल) सुचवलंय, ते कृपया टाळा. कुत्रं अंग चाटणारच, आणि ते तेल पोटात गेलं तर थरथर, लटपट अशी विषबाधेची लक्षणं दिसू शकतात.

कान साफ करण्याचं म्हणाल तर कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते, मग आत वळते. इअरबडने मळ त्या वळणात आणखी ठासला जातो. त्यापेक्षा कुत्र्यांचं इअर क्लीनर नळी भरेल इतकं ओता, कानाच्या बुडाशी हलक्या हाताने चोळा (पचपच आवाज आला म्हणजे पोचलं), मग त्याला डोकं झटकू द्या. हे गॅलरीत करा, नाहीतर सोफ्यावर नक्षी! वर आलेला मळ कापसाने पुसा. मात्र कॉफीच्या चोथ्यासारखा मळ, घाण वास किंवा मान एकीकडे कललेली दिसली तर आधी डॉक्टर. कानाचा पडदा फाटलेला असेल तर क्लीनरही धोक्याचं.

खाजेसाठीचा औषधी शाम्पू लगेच धुवू नका, साधारण 10 मिनिटं अंगावर राहू द्या. पावसाळ्यात फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा; गोचीडही बरेचदा तिथेच सापडते.