२२ महिन्यांची मुलगी सांगितलेले काम करत नाही. तिला कसे शिकवावे?

प्रश्न (चोपडा, जि. जळगाव)
‘चपला जागेवर ठेव, हात धू आणि जेवायला ये’ असे मी स्वयंपाकघरातून सांगते, तेव्हा माझी २२ महिन्यांची मुलगी जागची हलत नाही. सासूबाईंनी मात्र ओट्यावरून हात पुढे करून ‘आठे ये’ म्हटले की ती धावत जाते. घरात अहिराणी आणि मराठी दोन्ही बोलल्या जातात, त्यामुळे तिचा गोंधळ होतो का? तिला हट्टी म्हणून रागावणे माझ्या जिवावर येते.

उत्तर (अंगणवाडी सेविका, पारोळा तालुका)
ताई, हा हट्ट नव्हे. तुम्ही एका दमात तीन कामे सांगता. सासूबाई एकच सांगतात, तेही हाताने दाखवून. साधारण दीड वर्षाचे मूल खुणेशिवाय एखादी साधी सूचना पाळू लागते, पण सलग दोन कामे अडीच वर्षांच्या सुमारास जमू लागतात. म्हणून भाकरी थापता थापता हाक मारण्यापेक्षा तिच्याजवळ जाऊन बसा, नाव घ्या, तिने तुमच्याकडे पाहिले की ‘चप्पल इथे ठेव’ एवढेच म्हणा आणि मनात पाच अंक मोजेपर्यंत गप्प राहा. हे थांबणेच सर्वांत अवघड असते, कारण आपण लगेच तेच वाक्य वेगळ्या शब्दांत म्हणतो आणि लेकराला ते नवीनच काम वाटते. तरीही जमले नाही, तर तिचा हात धरून काम करून घ्या. ‘पळू नको’ऐवजी ‘हळू चाल’ म्हणा. काय करायचे ते त्यातून कळते.

उत्तर (धुळे)
अहिराणी कृपया बंद करू नका. दोन भाषांमुळे मुलांची समज मागे पडत नाही, आणि आजीची भाषा तिच्या हक्काची आहे.

उत्तर (परिचारिका, जळगाव)
टीव्ही बंद असताना पाठीमागून हळू आवाजात नाव घेऊन पाहा. ती वळत नसेल किंवा सर्दीनंतर कान वारंवार दुखत असतील, तर डॉक्टरांकडून कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येऊन मोफत तपासणी करते, तिथेही दाखवता येईल.

प्रश्नकर्ती
नाव हळू घेतले तरी ती लगेच वळली. मग समोर बसून एकदाच सांगितले. मी मनात चारपर्यंत पोहोचले, तोच तिने एक चप्पल उचलून जागेवर ठेवली आणि दुसरी छातीशी धरून आजीला दाखवायला नेली. त्या दुसऱ्या चपलेबद्दल मी आज काही म्हटले नाही.