रानमा १/२ : पहिला चित्रपट जरूर पाहा

'पहिला चित्रपट म्हणजे ताणलेला टीव्ही एपिसोड' असं एक मत ऐकू येतं, ते मला अजिबात पटत नाही. रानमा १/२ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेवरचा १९९१चा हा चित्रपट जेमतेम सव्वा तासाचा आहे. पळवून नेलेल्या आकानेच्या, म्हणजे नायक रानमाच्या वाग्दत्त वधूच्या, मागे रानमा आणि अख्खी टोळी चीनकडे निघते आणि मग एकेकाच्या वाट्याला स्वतंत्र मारामारी येते. समोरचे योद्धे जपानच्या सात भाग्यदेवतांवर बेतलेले आहेत. (त्या सातांतली बेंझाइतेन म्हणजे मूळची आपली सरस्वती!) त्यांचा म्होरक्या किरिन चक्क भाताचा वाडगा आणि चॉपस्टिक घेऊन लढतो, तेही पूर्ण गांभीर्याने. मूळ मांगा (जपानी चित्रकथा) लिहिणाऱ्या रुमिको ताकाहाशींच्या विनोदाचं बळ नेमकं तिथे आहे, पात्रांना स्वतःचं काहीच हास्यास्पद वाटत नाही.

डिस्क घेतलीत तर जपानी आवाज लावा आणि सबटायटल्स चालू ठेवा. गार पाणी पडलं की रानमा मुलगी बनतो, गरम पाण्याने पुन्हा मुलगा. मूळ ध्वनिपट्टीत मुलाला काप्पेइ यामागुची आणि मुलीला मेगुमी हायाशिबारा यांचा आवाज आहे. आवाज बदलतो, तोरा मात्र तोच राहतो! हे दोघांनी फार सुंदर साधलंय.

१९९२चा दुसरा चित्रपट मात्र मलाही सैल वाटला.