दोन्ही एएस/४०० आपलीच, मग येणाऱ्या रिक्वेस्टना दार लावायचं का?

हिरवा_पडदा:
सोलापूरचा टॉवेल कारखाना. एक एएस/४०० (आयबीएमचं धंद्याच्या हिशेबाचं मशीन) अक्कलकोट रोड एमआयडीसीत, दुसरं सात रस्त्याच्या हेड ऑफिसात. रात्री हेड ऑफिसचं मशीन डीडीएमने (एका मशीनवरून दुसऱ्याच्या फाइली वापरायची सोय) कारखान्याची स्टॉक फाइल वाचतं. ऑडिटर म्हणतात, दोन्हीकडे येणाऱ्या रिक्वेस्ट आवळा. प्रोग्रॅमर म्हणतात, घरचीच मशीनं, त्यात व्हीपीएन, कशाला? मी ऑडिटरच्या बाजूने. हेड ऑफिसचं मशीन नुसतं मागतं, देत काहीच नाही. तिथं सीएचजीनेटा कमांडने डीडीएमएसीसी (बाहेरून येणाऱ्या डीडीएम रिक्वेस्ट घ्यायच्या का, ते ठरवणारं सेटिंग) ‘रिजेक्ट’ केलं तरी त्याचं बाहेरचं वाचन चालूच राहतं. विषय संपला.

जुना_ऑपरेटर:
संपला कुठं? महिनाअखेरीला कारखान्याकडून एसबीएमआरएमटीसीएमडीने (दुसऱ्या मशीनवर कमांड चालवायची कमांड) हेड ऑफिसचं क्लोजिंग सुरू होत नाही ना, ते बघा आधी. ती कमांडपण डीडीएमनेच येते. ३१ तारखेला रात्री फोन तुम्हालाच येईल. खरं कुलूप ऑब्जेक्ट ऑथॉरिटीचं, म्हणजे कुठली फाइल कुणाला उघडता येईल त्या हक्काचं. ती नीट लावा.

हिरवा_पडदा:
क्लोजिंगचं बघतो, मुद्दा बरोबर आहे. पण ‘नीट लावा’ म्हणायला काय जातंय ओ! क्यूसीआरटीएयूटी (नव्या फाइलवर सगळ्यांना काय हक्क, ते ठरवणारं सेटिंग) मुळातच ‘चेंज’वर येतं. वीस वर्षांच्या फाइली पब्लिकला उघड्या आहेत. मेन्यूत तीनच ऑप्शन दिसतात म्हणून सगळं झाकलेलं वाटतं. तोच युजर एक्सेलमधून ओडीबीसी (पीसीवरून थेट डेटाबेसला जोडणारा दुवा) जोडून दर बदलू शकतो.

जुना_ऑपरेटर:
ओडीबीसी डीडीएमएसीसीने थांबत नाही. त्याला पीसीएसएसीसी (पीसीवरून येणाऱ्या रिक्वेस्टचं सेटिंग) किंवा एक्झिट पॉइंट (रिक्वेस्ट तपासायला आपला प्रोग्रॅम लावायची जागा), फाइल पाठवायच्या एफटीपीला आणखी वेगळा. म्हणून म्हणतो, दारं मोजत बसू नका, फाइलवरच हक्क लावा. तो कुठल्याही दाराने आलं तरी आडवा येतो.

सीएल_वाला:
दोघंही पासवर्डचं बोलतच नाही. कारखान्याच्या मशीनवर सीएचजीडीडीएमटीसीपीए उघडा, डीडीएमला पासवर्ड लागतो का ते ठरवणारी कमांड. तिथं नुसता युजर आयडी चालतो असं असेल, तर पलीकडून क्यूसेकऑफर (सगळे हक्क असलेला मुख्य युजर) नावाने आलेला इकडेही क्यूसेकऑफर. त्याला ऑब्जेक्ट ऑथॉरिटी काय अडवणार? व्हीपीएनवर कुणी टेस्ट मशीन जोडलं की तेही ‘घरचंच’. हे आज बदला, बाकी वाद नंतर. फक्त रात्रीच्या जॉबच्या प्रोफाइलला हेड ऑफिसच्या मशीनवर एडीडीएसव्हीआरएयूटीई कमांडने पासवर्ड आधी देऊन ठेवा, नाहीतर पहिल्याच रात्री तो पडेल.

मग कारखान्याकडे डीडीएमएसीसीला ‘रिजेक्ट’ऐवजी प्रोग्रॅमचं नाव द्या. त्याला प्रत्येक रिक्वेस्टचा युजर, फंक्शन (काय करायचंय ते), लायब्ररी (फाइलींचा कप्पा), फाइल मिळते. १ परत दिला तर आत, ० दिला तर बाहेर. ऑब्जेक्ट ऑथॉरिटी त्यानंतरही तपासली जातेच. एक महिनाअखेर जाईपर्यंत सगळ्यांना १ द्या, फक्त नोंद ठेवा. कोण काय मागतंय ते कळल्यावर आवळा.

जुना_ऑपरेटर:
पासवर्डचं मान्य. प्रोग्रॅमचं नाही. आरपीजी (एएस/४००ची प्रोग्रॅमिंगची भाषा) येणारा पोरगा पुण्याला गेला की तो सांभाळणार कोण?

सीएल_वाला:
आरपीजी लागतंय कशाला? सीएलमध्ये, मशीनच्या कमांडच्याच भाषेत, होतं. दोन आयडी, एक लायब्ररी, बाकी शून्य.

जुना_ऑपरेटर:
आणि तिसरा आयडी आला की रात्री दोनला तो सीएल बदलणार मीच!