सौरभ नेत्रावळकर नक्की कोणाचा?

कट्टेकरी: ६ जून २०२४, डॅलस. टी-२० वर्ल्डकपमध्ये सामना बरोबरीत सुटल्यावरच्या सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेकडून खेळणाऱ्या नेत्रावळकरने पाकिस्तानला १९ धावा करू दिल्या नाहीत आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'आपला मुंबईचा पोरगा' सुरू झालं. १२ जूनला न्यूयॉर्कमध्ये भारताविरुद्ध त्यानेच विराटला पहिल्याच चेंडूवर आणि रोहितला ३ धावांवर काढलं. ग्रुप चिडीचूप. मग एकाचा मेसेज, 'गद्दार'. पुढे डोळा मारणारी इमोजी होती, पण लिहिलंच ना! माझं म्हणणं, २०१० साली भारताकडून १९ वर्षांखालचा वर्ल्डकप खेळलेल्या बोलरला मुंबईने एकच रणजी सामना दिला. आता तो आपला म्हणायचा आपल्याला काय हक्क?

खडूस अंपायर: हक्काचं काय त्यात? झहीर, धवल, शार्दूल अशी बोलरांची रांग असताना जागा नाही मिळाली. याला टाकणं म्हणत नाहीत. तो शिकायला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेला, इंजिनियर झाला, तिकडे कॅप्टनही झाला. त्याचा बळी कशाला दाखवता? आणि ज्या मैदानांवर वाढला तिथल्या लोकांनी कौतुक केलं तर बिघडलं कुठे?

राइनकाठची: कौतुकाला ना नाही हो काका. पण ते हरल्यावरही टिकतं का? आमच्याकडे जर्मनीत तुर्की वंशाचा फुटबॉलपटू ओझिल बघा. जन्म गेल्सेनकिर्शेनचा, २०१४चा जगज्जेता. २०१८ला जर्मनी पहिल्याच फेरीत गारद झाल्यावर तो संघ सोडून गेला, आणि जाताना म्हणाला की जिंकलो की मी जर्मन, हरलो की स्थलांतरित.

खडूस अंपायर: ताई, अर्धीच गोष्ट सांगताय. तुर्कस्तानची निवडणूक तोंडावर असताना तिथल्या अध्यक्ष एर्दोआनसोबत फोटो कोणी काढला? लोक विचारणारच. त्याच दिवशी त्याच्याच संघातल्या, तुर्की वंशाच्याच गुंडोआननेही काढला होता. शिट्ट्या त्यानेही खाल्ल्या. पण तो खेळत राहिला आणि २०२४च्या युरो फुटबॉल स्पर्धेत जर्मनीचा कॅप्टन होता.

राइनकाठची: म्हणजे सहा वर्षं शिट्ट्या खाल्ल्या की नागरिकत्व पक्कं? बाकीच्या खेळाडूंना ही परीक्षा का नसते?

डावखुरा: जर्मनीपर्यंत कशाला जाताय? ऑक्टोबर २०२१, दुबई. पाकिस्तानकडून आपण १० विकेटनी हरलो. अकराच्या अकरा जण हरले, शिव्या शमीला. पुढच्या वर्षी अर्शदीपने एक झेल सोडला तर थेट खलिस्तानी. पासपोर्ट भारताचा, जर्सी भारताची, तरीही. नेत्रावळकर निदान समोरच्या संघात होता.

खडूस अंपायर: ते ट्रोल होते. कोहलीने शमीची बाजू उघडपणे घेतली होती, तेही सांगा की.

डावखुरा: घेतली, मान्य. घ्यावी लागली हाच तर मुद्दा आहे.

कट्टेकरी: अंपायरसाहेब, ग्रुपचं पुढचं ऐका. न्यूयॉर्कच्या त्याच सामन्यात नेत्रावळकरने आपल्या सूर्यकुमारचा झेल सोडला. 'गद्दार' लिहिणाऱ्याचा मिनिटात मेसेज, 'शेवटी आपलाच रे तो!'